मार्चचा करार आणि सप्टेंबरचा गुडघा

पत्र

ताई, नमस्कार. मी 22 वर्षांची आहे, नागपुरात राहते, कबड्डी खेळते. चढाईपटू आहे. दोन वर्षांपासून एका संघाकडून करारावर खेळते. महिन्याला जे मानधन मिळतं त्यावर घरचा किराणा आणि भावाची फी निघते. दसऱ्याच्या आधी एका स्पर्धेत बोनस गुण घेऊन परत वळताना उजवा पाय मॅटवर रुतल्यासारखा झाला आणि वरचं अंग फिरलं. कोणाचा हातही लागला नव्हता. ‘कट’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. ओळखीच्या काकांकडे पंधरा दिवस चोळून घेतलं. शेवटी एमआरआय काढला, तर गुडघ्यातला एसीएल नावाचा पट्टा पूर्ण तुटलाय आणि आतल्या बाजूच्या गादीलाही चीर आहे म्हणे. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून ऑपरेशन आणि कमीत कमी नऊ महिने खेळ बंद. आमचे सर म्हणतात, नी कॅप घालून मार्चपर्यंत काढ, नवा करार झाला की ऑपरेशन कर, पाच महिन्यांत उभी करतो. बाबा म्हणतात, पोरीच्या पायाला चाकू लावायचा नाही. ताई, आता गुडघा दुखत नाही. सरळ पळताही येतं. मग खेळू का? आणि संघाला रिपोर्ट दाखवू की लपवू?

– एक चढाईपटू

उत्तर

पोरी,

‘आता गुडघा दुखत नाही, सरळ पळताही येतं.’ या वाक्यापाशी मी थांबले. बावीस वर्षं फिजिओचं काम करतेय, आणि हे वाक्य मी इतक्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की मला बरं वाटत नाही, धास्ती वाटते. तुझा गुडघा मी हातात घेऊन पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचाच. पण तुझ्या प्रश्नाची गाठ या वाक्यातच आहे, म्हणून तिथूनच सोडवू.

गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन जाड पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यातला पुढचा म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि पाय रोवलेला असताना गुडघा भलतीकडे फिरू द्यायचा नाही, ही त्याची दोन कामं. सरळ रस्त्यावर एका चालीत पळताना त्याच्यावर फारसा भार येत नाही. म्हणून तू पळू शकतेस. पण चढाईत तू सरळ कधी पळतेस? बोनसला पाय टाकायचा, डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूला हूल द्यायची, उजवीकडे वळायचं, अचानक थांबायचं, उलटं फिरून मध्यरेषेकडे झेपायचं. तीस सेकंदांच्या चढाईत हेच तर सगळं असतं, आणि नेमकं हेच एसीएलशिवाय होत नाही.

खरं सांग, गोकुळपेठेच्या बाजारात फुटपाथवरून उतरताना, किंवा कोणी मागून हाक मारली म्हणून झटकन वळताना गुडघा ‘सटकला’ असं एकदा तरी झालंय ना? तू पत्रात लिहिलं नाहीस, पण झालंच असणार. दर वेळी तो सटकतो तेव्हा दोन हाडांमधली गादी चिमटली जाते. नळाच्या वायसरसारखी असते ती. आणि तुझ्या गादीला आधीच चीर आहे. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली चीर टाके घालून जुळू शकते. आतल्या भागाला रक्त जवळजवळ पोचतच नाही, तिथलं फाटलेलं बहुतेकदा छाटून टाकावं लागतं. आज जी शिवता येईल ती चीर मार्चपर्यंतच्या चढायांमध्ये वाढत आत गेली, की शिवण्याऐवजी कात्री लागते. छाटलेली गादी परत उगवत नाही. पस्तिशी-चाळिशीत गुडघ्याची झीज होऊन बसलेले माजी खेळाडू मी रोज पाहते.

एकटं एसीएल तुटलं असतं आणि तू बँकेत कारकून असतीस, तर मी वेगळं लिहिलं असतं. ऑपरेशन केलंच पाहिजे असं सगळ्यांना नसतं. स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांवर एक गाजलेला अभ्यास झाला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं, अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. 2010 मध्ये दोन वर्षांचा निकाल आला तो सारखाच, आणि पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. पण त्या अभ्यासात सर्वोच्च पातळीवर खेळणारे व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते. हा कागद कोणी तुझ्यापुढे नाचवला तर एवढं लक्षात ठेव. वळण्यावरच जिचं पोट आहे आणि गादीलाही चीर आहे, तिला मी ऑपरेशनकडेच पाठवेन.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. नी कॅप घालूनही नाही. नी कॅप म्हणजे कापडाचा मोजा, तो गुडघ्याला ऊब देतो आणि मनाला धीर देतो, नडगीला धरून ठेवत नाही. आणि सरांपैकी कोणी ‘सुई मारून खेळ’ म्हणालं तर तिथून उठून ये.

त्या काकांना मात्र दोष देऊ नकोस. ते आवाजाचं आणि तासाभरात चढलेल्या सुजेचं लक्षण त्यांना वाचता आलं नाही, एवढंच. इतक्या लवकर एवढी सूज म्हणजे आत रक्त साचलेलं असतं, आणि अशा गुडघ्यांत बऱ्याचदा एसीएलच गेलेलं असतं. तेव्हा चोळणं सोडून सगळं करायचं असतं. मलाही हे कुठे कळत होतं? 1993 साली मी कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळायचे. स्मॅश मारून एका पायावर उतरले आणि असाच आवाज आला. घरच्यांनी एका नावाजलेल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी हळद-चुन्याचा लेप लावला, वरून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना पाय हलवू दिला नाही. कामट्या सोडल्या तेव्हा सूज गेली होती, दुखणंही गेलं होतं, आणि माझी मांडी माझ्या धाकट्या भावाच्या मांडीएवढी झाली होती. मी मैदानात गेले. तीन आठवड्यांनी हॉस्टेलच्या जिन्यावर गुडघा दुमडला आणि गादीही गेली. आज जिना उतरताना मी कठडा धरते. दुखणं थांबलं म्हणून बरा झाला असं समजण्याची फी मी अजून भरतेय.

आता बाबांसाठी. त्यांना हे वाचून दाखव. काका, पाय कापत नाहीत. छोट्या छिद्रांतून दुर्बीण आत जाते आणि बोटभर लांबीचा एखादा छेद असतो, जिथून नवा पट्टा काढून घेतात. तुटलेलं एसीएल सहसा शिवत नाहीत, शिवलेलं टिकण्याची खात्री नसते. मुलीच्याच मांडीमागचा स्नायुबंध किंवा वाटीखालचा पट्टा घेऊन, हाडात बोगदा पाडून, त्याच जागी बसवतात. लग्नाच्या बैठकीत हे व्रण कोणी पाहणार नाही. मांडी घालून बसता न येणारी तिशीतली बाई मात्र सगळ्यांना दिसेल.

कोणता पट्टा घ्यायचा हे डॉक्टरांशी बोलताना तू चढाईपटू आहेस हे तोंडाने सांग, ते त्यांना माहीत असेल असं धरून चालू नकोस. मांडीमागचा घेतला तर टाच ओढून घेण्याची ताकद काही काळ कमी पडते, आणि कोपऱ्यातल्या बचावपटूने पाय धरला की तू सुटतेस ती त्याच ताकदीवर. वाटीखालचा घेतला तर गुडघे टेकताना पुढून दुखू शकतं, आणि बचावपटूंच्या पकडीखालून डुबकी मारणारीला गुडघे टेकावे लागतातच. दोन्ही चालतात, दोन्हींची किंमत असते. त्यांचा हात कशावर जास्त बसलाय तेही विचार.

घाईही नको. परवाच ऑपरेशन असं करू नये. गुडघा पूर्ण सरळ होत नसताना, सूज असताना ऑपरेशन केलं तर नंतर तो आखडतो. तीन-चार आठवडे व्यायाम करून, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ करून मग टेबलावर जा. फक्त गादीची चीर अडकून गुडघा उघडेनासा झाला असेल तर वाट पाहू नकोस, डॉक्टरांना लगेच कळव. खर्चाचं म्हणशील तर सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, मिहानकडे एम्स आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि एमआरआय ठेवून विचार. फोनवर विचारू नको, समोर उभी राहा.

आता त्या नऊ महिन्यांचं बोलू. सरांचं आणि माझं खरं भांडण इथे आहे.

तो नवा पट्टा बसवला त्या दिवशी चांगला मजबूत असतो. पण तो जागेवरून उपटून आणलेला असतो, त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. मग शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, आणि या सगळ्या उलथापालथीत तो आधी कमजोर होतो आणि मग हळूहळू मूळ एसीएलसारखा होत जातो. गंमत बघ : दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज गेलेली असते, चाल सुधारलेली असते, तुला सगळ्यात छान वाटत असतं, आणि आतला पट्टा तेव्हाच सगळ्यात नाजूक असतो. उन्हाळ्यात सांधा केलेल्या माठासारखं, वरून कोरडा दिसतो आणि पाणी भरलं की कळतं. तुझं ऑपरेशन डिसेंबरात झालं तर मार्चमध्ये तू अगदी त्याच जागी असशील. आणि करारही मार्चमध्येच.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 106 खेळाडूंचा अभ्यास 2016 मध्ये मांडला. नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितका दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा दर 51 टक्क्यांनी कमी झाला. नवव्या महिन्यापुढे थांबून तसा फायदा दिसला नाही. म्हणजे नऊ हा आकडा डॉक्टरांनी तुला घाबरवायला काढलेला नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मांडीची ताकद आणि उड्यांच्या चाचण्या यांत दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांच्या वर नेऊन जे परतले, त्यांच्यातले 5.6 टक्के पुन्हा दुखावले. चाचण्यांत पास न होता परतलेल्यांमध्ये 38.2 टक्के. तेव्हा सप्टेंबर उजाडला म्हणून मॅटवर जायचं नाही. सप्टेंबर उजाडला आणि गुडघ्याने परीक्षा पास केली, तर जायचं.

सर तुला जडेजाचं उदाहरण देतील, पैज लावते. नागपूरकर ते विसरूच शकत नाहीत. फेब्रुवारी 2023, जामठ्याचं मैदान, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी भारताकडून पुनरागमन, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच डावात 47 धावांत पाच बळी, वर 70 धावा. मीही टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्येकाची एकच शस्त्रक्रिया नव्हे. फिरकी गोलंदाजाचा पाय आणि मागून सातजणी धरायला टपलेल्या चढाईपटूचा पाय यांच्यावर येणारा पिळा एक नव्हे. आणि कसोटीआधी तो जानेवारीत रणजी सामना खेळून आला होता, थेट जामठ्यावर उतरला नव्हता. त्यापेक्षा सरांना व्हॅन डाइकचं सांग. लिव्हरपूलचा बचावपटू, 17 ऑक्टोबर 2020 ला एसीएल गेलं, पुढचा लीग सामना 14 ऑगस्ट 2021 ला. जवळजवळ दहा महिने. त्या क्लबकडे पैसा, यंत्रं, फिजिओ, सगळं होतं. तरी दहा महिने लागले, कारण पट्ट्याला बँक बॅलन्स कळत नाही.

हे नऊ महिने कसे जातात? कंटाळवाणे जातात. पहिला महिना फक्त गुडघा सरळ करणं आणि मांडी जागी करणं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा खाली दाबायचा, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून कित्येकदा. वाटीच्या वर आतल्या बाजूला एक थेंबासारखा स्नायू असतो, तो ऑपरेशननंतर झोपी जातो. बोट ठेवून बघ, दाबताना तिथे टणक लागलं पाहिजे. ज्या दिवशी पहिल्यांदा लागेल त्या दिवशी मला फोन करावासा वाटेल तुला, इतका आनंद होतो. मग सायकल, जिना, अर्ध्या बैठका, एका पायावरच्या बैठका. सरळ पळणं साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर, तेही फिजिओने ताकद मोजून परवानगी दिली तर. म्हणजे तुझं पळणं बरोबर एप्रिल-मेमध्ये येईल. आपल्याकडे तेव्हा पारा 45 ला टेकतो, तेव्हा पहाटे साडेपाचला मानकापूरच्या संकुलात जायचं आणि सातच्या आत घरी. फुटाळ्याच्या उताराच्या रस्त्यावर पळायचं नाही, उतारावर गुडघ्याला ब्रेक मारावे लागतात. उड्या आणि दिशा बदलणं त्याच्याही पुढे. एका पायावर उतरताना गुडघा आत कोसळतो का, हे मैत्रिणीला समोरून मोबाईलवर शूट करायला सांग. मुलींच्या गुडघ्यांना ही खोड जास्त असते. वळण्या-उड्यांच्या खेळांत मुलींचं एसीएल मुलांपेक्षा कितीतरी जास्त तुटतं, त्याचं हे एक कारण मानतात. संघातल्या बाकीच्या पोरींनाही हा व्यायाम शिकव, त्या तुला नंतर दुवा देतील.

खाण्याचं एकच : सावजी रस्सा हे प्रोटीन नव्हे. रश्शातलं मटण खा, तर्री ठेव. अंडी, चणे, डाळ रोज.

आता करार. लपवू नकोस. नैतिक कारण बाजूला ठेव, व्यवहाराचं सांगते. मार्चच्या मेडिकलमध्ये कोणी मांडी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली की अर्ध्या मिनिटात कळतं, एमआरआय लागत नाही. आणि मेडिकल झालंच नाही तर गुडघा भर सामन्यात कळवेल. मग तू जखमी खेळाडू न राहता ‘फसवणारी’ ठरशील, आणि हे गाव लहान आहे. दुखापत त्यांच्या स्पर्धेत, त्यांच्या जर्सीत झालीय. करारात दुखापतीबद्दल काय लिहिलंय ते आज रात्री वाच. मग रिपोर्टची प्रत जोडून एक अर्ज दे : उपचारांत मदत, मानधन पूर्ण नाही तर काही भाग, आणि सप्टेंबरनंतर ट्रायलला बोलावण्याचं लेखी आश्वासन. तोंडी ‘बघू ना बेटा’वर उठून येऊ नकोस, पोच घे. ते नाही म्हणू शकतात. तसं झालं तर मार्चनंतर घर कसं चालेल याचा विचार बाबांबरोबर आत्ताच कर. शाळांच्या संघांना शिकवणं, पंचाची परीक्षा, गुण लिहिण्याचं काम, हे एका पायावर बसूनही होतं. आणि मॅटच्या बाजूला तुझा आवाज ऐकू येत राहतो, त्याचाही उपयोग होतो.

सरांशी भांडू नकोस. त्यांना डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, फोटो त्यांनाच पाहू दे. ज्यांनी पोरी घडवल्यात ते वाईट नसतात, त्यांच्या उमेदीच्या काळात तुटलेल्या गुडघ्यावर खेळणाऱ्यालाच शूर म्हणायचे.

एक कडू आकडाही सांगते, कारण तो कोणी ना कोणी सांगेलच. अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा 2014 मध्ये असं दिसलं की ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कोणत्या तरी खेळाकडे परतले, आधीच्या पातळीवर 65 टक्के, आणि स्पर्धेच्या मैदानात 55 टक्के. न परतलेल्यांत पुष्कळांचा गुडघा ठीक होता, भीती गेली नव्हती. ती तुलाही येईल. पहिल्यांदा बोनसला पाय टाकताना पोटात गोळा येईल. तेव्हा कुस्तीपटू विनेश फोगाट आठव. 2016 मध्ये रिओत उजवा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. 2018 मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई, दोन्ही सुवर्णं. 2023 च्या ऑगस्टमध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया, आणि वर्षाच्या आत पॅरिसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत. पुढे वजनाचं जे झालं ते झालं, पण तो गुडघा त्या दिवशी मॅटवर उभा होता.

आज एकच काम कर. शिंप्याची टेप घे, पाय लांब करून बस, वाटीच्या वरच्या काठापासून दहा सेंटीमीटरवर पेनाने खूण कर आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोज. उजवी भरेल कमी, घाबरू नकोस. दोन्ही आकडे तारीख टाकून भिंतीवर लिही आणि मला कळव. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा मोजू.

तुझी,
ताई